मदत हवी आहे: चारही चिनी पाहुण्यांचं आडनाव 'लाओ' कसं?

चाकणवाला: उद्या अकराच्या आत पत्र पाठवायचंय. तिकडच्या कारखान्यातून चौघं येताहेत: लाओ वांग, लाओ चेन, लाओ बान आणि आणखी एक लाओ (पूर्ण नाव इथे टाकत नाही). चिनी लोक आडनाव आधी लावतात, म्हणून चौघांचंही 'लाओ' धरलं. साहेब म्हणाले, एकाच घरातले आहेत का? आडनाव लाओच ना? लवकर सांगा.

रेवाकाठ: कसलं पत्र? नावं पासपोर्टवरून घेतली का?

चाकणवाला: व्हिसासाठीचं निमंत्रण. यादी त्यांच्या दुभाष्याने वीचॅटवर पाठवली, चिनीत आणि खाली इंग्रजी अक्षरांत. पासपोर्ट कशाला, नावं आहेत ना हातात.

यीवूवारी: भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका, मिनिटाचं काम. लाओ म्हणजे म्हातारा. मी चीनमधल्या यीवू शहरात तीनदा जाऊन आलोय.

शाईदौत: थांबा, तसं पत्र पाठवू नका! मी चिनी शिकवते. लाओचा मूळ अर्थ जुना, वयस्कर हे खरं, पण शब्दाच्या सुरुवातीला आला की दर वेळी वय सांगत नाही. वाघ म्हणजे लाओहू, उंदीर म्हणजे लाओशू. आज जन्मलेला बछडाही लाओहूच. शिक्षिका पंचविशीची असली तरी लाओशर. ओळखीच्या वयाने मोठ्या माणसाला लाओ वांग म्हणतात, आपण जोशीबुवा म्हणतो तसं. तिथे आडनाव वांग. आणि लाओबान हे नावच नाही, लाओबान म्हणजे मालक!

यीवूवारी: माझ्या अ‍ॅपने 'म्हातारा वांग' असंच दाखवलं होतं. अर्थ चुकीचा कसा?

शाईदौत: सुटं अक्षर बरोबर, शब्द चुकला. बायकोला लाओपो म्हणतात, नवी नवरी असली तरी. थोरल्या भावंडाला लाओदा, मूळ गावाला लाओज्या.

पांढरीशाल: चीनच्या व्हिसासाठी फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच काढा हो. माझा एकदा परत आला होता.

चाकणवाला: काका, मी जात नाहीये, ते येताहेत!

सोलापुरी: आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं चिनी नाव ख तीह्वा. १९३८ च्या, चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावात 'ह्वा' होतं, ह्वा म्हणजे चीन. नावात मुद्दाम देश घातला होता, केवढी गोष्ट! आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

रेवाकाठ: सुंदर माहिती, पण तिथे शेवटचं अक्षर सारखं, इथे पहिलं. लाओस देशातही हाच लाओ का?

शाईदौत: चिनीत लाओसला लाओवो म्हणतात आणि लिहायला हेच अक्षर. फक्त उच्चारासाठी घेतलंय.
चाकणवाला, चौथ्या नावात लाओच्या पुढे किती अक्षरं आहेत?

चाकणवाला: दोन.

शाईदौत: मग तिथे लाओ बहुधा खरंच आडनाव आहे. लाओ वांगसारख्या हाकेत लाओपुढे नुसतं आडनाव येतं, सहसा एकाच अक्षराचं. चिनी यादी मोठी करून बघा, पहिलं अक्षर चारही ओळींत सारखं आहे का?

चाकणवाला: नाही! तिघांचं सारखं. चौथ्याच्या डोक्यावर गवताच्या दोन काड्यांसारखं काहीतरी आहे.

शाईदौत: बरोबर. वर गवताचं चिन्ह, मध्ये छप्पर, खाली 'बळ'. हा कष्टाचा लाओ, दुसऱ्या स्वराचा (चिनीत स्वर म्हणजे आवाजाचा चढउतार, त्याने अर्थ बदलतो), आवाज वर चढत जातो. जुना लाओ तिसऱ्या स्वराचा, आधी खाली जातो. इंग्रजी अक्षरांत स्वर लिहिला नाही की दोन्ही सारखेच दिसतात. तरी पासपोर्टच्या प्रती मागवाच.

चाकणवाला: आल्या प्रती. वांग, चेन, मालक वू, आणि चौथे खरोखर लाओ. पत्रात मालकांना 'श्री. बान' लिहिलं होतं, ते बदललं. ताई, मनापासून आभार. समोर आल्यावर लाओ वांग म्हणू का?

शाईदौत: पहिल्या भेटीत नको, ती सलगी होईल. वांग श्येनशंग म्हणजे श्री. वांग म्हणा, आणि मालकांना वू त्झुंग, म्हणजे वूसाहेब.