गोलकिकला मुद्दाम वेळ काढणारी टीम, आणि कार्ड मात्र आमच्या पोराला. नियम नक्की काय आहे?

बाराखालचा_कोच:
बारा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल टीम बघतो. परवा समोरची टीम 1-0 ने पुढे होती आणि शेवटची थोडीच मिनिटं राहिली होती, तर त्यांचा किपर दर गोलकिकला (आमच्याकडून बॉल त्यांच्या गोललाइनबाहेर गेला की त्यांना मिळणारी किक) बॉल आणायला रमतगमत जाणार, बॉल गोल एरियाच्या (गोलसमोरची छोटी चौकट) डावीकडे ठेवणार, मग उचलून उजवीकडे नेणार, मग स्वतः न मारता डिफेंडरला हाक मारणार. रेफ्रीने एकदाही टोकलं नाही. शेवटी आमचा स्ट्रायकर बॉक्समध्येच (पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत) बॉलच्या दोन पावलांवर उभा राहिला, त्यांनी शॉर्ट पास दिला, याने मध्ये पाय घातला आणि गोल! तर रेफ्रीने गोल रद्द केला, किक परत घ्यायला लावली आणि यलो कार्ड आमच्याच पोराला. मॅचनंतर रडत होता बिचारा. बॉल हलला की प्ले सुरू ना? मग गोल का नाही? आणि वेळ काढणाऱ्याला काहीच नाही का?

शिट्टीवाला:
रेफ्रीगिरी करतो म्हणून सांगतो, गोल रद्द केला ते बरोबर. 2019 ला नियम बदलला तेव्हापासून गोलकिक पेनल्टी एरियाच्या बाहेर जायची गरज नाही, किक बसली आणि बॉल स्पष्ट हलला की प्ले सुरू, त्यामुळेच आता डिफेंडर बॉक्समध्येच पास घेतात. पण बॉल हलेपर्यंत समोरच्या टीमचे सगळे एरियाच्या बाहेर पाहिजेत, ते बदललेलं नाही. सूट फक्त एकच, त्यांनी घाईत किक घेतली आणि तुमच्या पोराला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही तर खेळ चालू ठेवायचा, आणि मग बॉल हलल्यावर तो खुशाल बॉलवर जाऊ शकतो. तुमचा पोरगा मुद्दाम उभा होता, म्हणून किक परत.

कार्डचं म्हणाल तर फ्री किक, कॉर्नर, थ्रो-इनला अंतर न पाळल्याचं जे वेगळं कार्ड आहे त्यात गोलकिक येतच नाही. इथे कार्ड निघालं असेल तर खेळ सुरू व्हायला उशीर केला म्हणून. मी असतो तर आधी तोंडी सांगून त्याला बाहेर पाठवला असता, या वयाच्या मुलाला थेट कार्ड म्हणजे जरा जास्तच झालं.

आणि हो, किपरलाही त्याच कलमाखाली यलो दाखवता येतं. बॉल गोल एरियात कुठेही ठेवायची मुभा आहे, पण एकदा ठेवून परत दुसरीकडे नेणं, तेही दर वेळी, हे उघड वेळकाढूपणाच आहे. पहिल्यांदा दिसलं तेव्हाच रेफ्रीने टोकायला हवं होतं, मग पुढचं सगळं घडलंच नसतं.

एक_पालक:
पण आता तर 8 सेकंदांचा नियम आलाय ना?? त्यात कॉर्नर मिळतो म्हणे

शिट्टीवाला:
तो हातातल्या बॉलचा आहे. 2025-26 च्या सीझनपासून किपरने बॉल हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त धरला की समोरच्यांना कॉर्नर, आणि शेवटचे 5 सेकंद रेफ्री हात वर करून मोजून दाखवतो. आधी 6 सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) होती, ती देताना फारसं कोणी दिसायचं नाही. गोलकिकला बॉल जमिनीवर असतो, ते 8 सेकंद इथे लावू नका. 2025-26 च्या नियमांत किपरला कार्ड दाखवलं म्हणून गोलकिकची कॉर्नर होत नाही. वाया गेलेला वेळ रेफ्री शेवटी वाढवून देतो, पण मुलांच्या बऱ्याच स्पर्धांमध्ये एकामागून एक मॅच लावलेल्या असतात तिथे हा वाढीव वेळ ठेवतात की नाही ते आयोजकांना आधीच विचारून घ्या.

डावी_विंग:
कोच, स्ट्रायकरला बॉक्सच्या रेषेच्या अगदी बाहेर उभं करा आणि बॉल हलला की सुटायला शिकवा. रेषा एरियाचाच भाग असते, रेषेवर पाय म्हणजे तो आतच, हे मुलांना नीट दाखवा. शॉर्ट पास घेणारा डिफेंडर बऱ्याचदा पाठमोरा असतो, तिथेच बॉल मिळतो आणि कोणी रद्द करू शकत नाही. बॉल लांब गेला तर पोरांनीच पळत जाऊन आणून द्यायचा, आणि वेळकाढूपणाबद्दल कॅप्टनने शांतपणे रेफ्रीला विचारायचं, बाहेरून आपण ओरडलो की पोरंही ओरडतात.

अजून एक, अगदी लहान गटांत नियम वेगळे असू शकतात. अमेरिकेत 7 जणांच्या मॅचला बिल्ड-आउट लाइन असते, गोलकिकला समोरच्यांनी त्या रेषेच्या मागे जायचं. तुमच्या स्पर्धेचे नियम वाचलेत का?

बाराखालचा_कोच:
हो, तसली रेषा नाहीये आमच्याकडे. धन्यवाद सगळ्यांना, स्ट्रायकरला आज बसवून नीट समजावतो. एक राहिलंच, त्यांच्या डिफेंडरने गोलकिक मारून किपरलाच पास दिला होता आणि त्याने हातात घेतला. चालतं का?

शिट्टीवाला:
नाही. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल आहे तो, किपरने जिथे हात लावला तिथून तुम्हाला इनडायरेक्ट फ्री किक मिळायला हवी होती. ती जागा गोल एरियात असेल तर गोललाइनला समांतर असलेल्या गोल एरियाच्या रेषेवरून घ्यायची.