सेल्फ दाबला की नुसता टक आवाज, किक मात्र पहिल्यात लागते

राजेंद्रनगर_शिफ्टवाला:
नमस्कार मंडळी, गाडी 150 सीसी, 2018 चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. पाऊस सुरू झाल्यापासून सेल्फ दाबला की सीटखालून फक्त एक 'टक' येतो आणि पुढे काहीच नाही. कधी चार वेळा दाबल्यावर लागतो, कधी अजिबात नाही. किक मारली की पहिल्यात चालू. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर ठीक, बॅटरी होळीच्या सुमारास नवीन टाकलीये. घराजवळच्या मेकॅनिकने काही न उघडताच सांगितलं, 'सेल्फ मोटर गई भिया, पूरी बदलनी पड़ेगी'. मी इंदूरहून पीथमपूरला कामाला जातो, माझं किकवर भागतं, पण संध्याकाळी गाडी बाबा नेतात आणि त्यांच्या गुडघ्याला किक झेपत नाही, म्हणून हे लवकर मार्गी लागायला हवंय. खरंच मोटर गेली असेल का?

जुना_रामबाग:
थांबा, इतक्यात मोटर घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातूनच अर्धी गाडी तपासून झालीये. किकवर पहिल्यात लागते म्हणजे प्लग, कॉइल, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारं युनिट) सगळं बरोबर, तिकडे हात लावायची गरज नाही. आणि टक आवाज येतो तो स्टार्टर रिलेचा (सेल्फ मोटरला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच), म्हणजे सेल्फचं बटण, क्लच स्विच, रिलेची आतली कॉइल हेही चालू आहे. राहिलं काय, तर बॅटरी लोडवर टिकते का, रिलेचे आतले पॉइंट, जाड वायरी आणि अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनला असलेली जोडणी), आणि सगळ्यात शेवटी मोटर. हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली असं मात्र धरू नका, हॉर्नला थोडासा करंट पुरतो, सेल्फ त्याच्या कितीतरी पट खेचतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, गाडी न्यूट्रलला. आधी बॅटरीवर लावा, गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास पाहिजे. मग मीटर तसाच ठेवून सेल्फ दाबा. 9.5 च्या खाली कोसळला तर बॅटरी, नवीन असली तरी. 12 च्या वरच राहिला तर करंट जातच नाहीये, कुठेतरी वाट अडलीये. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही, एखाद्या बोल्टवर टेकवा आणि पुन्हा सेल्फ दाबा. इथे अर्ध्या व्होल्टच्या आतच दिसायला पाहिजे. जास्त आला तर अर्थिंग खराब. तसंच रिलेच्या दोन जाड टर्मिनलवर मीटर लावून दाबा, टक झाल्यावर तिथे जवळजवळ शून्य यायला हवा, 12 तसाच राहिला तर रिलेचे पॉइंट जळालेत. मोटरच्या टर्मिनलपर्यंत पूर्ण व्होल्ट पोचूनही ती फिरत नसेल तेव्हाच मोटर उघडायची, आणि तेव्हाही बऱ्याचदा कार्बन ब्रश झिजलेले निघतात, अख्खी मोटर लागत नाही.

स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून रिले शॉर्ट करायची पद्धत लोक सांगतात, ती करू नका, ठिणगी उडते आणि पेट्रोलचा पाइप तिथेच जवळ असतो.

सुदामानगर_अनघा:
काकांनी सांगितलं त्यात एक भर. अर्थिंग खराब असताना सेल्फ दाबत राहू नका, तो करंट मग दुसरी वाट शोधतो, हार्नेसमधल्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातल्या) बारीक वायरीतून किंवा चक्क क्लच केबलमधून जातो आणि ती तापते. माझ्या भावाच्या गाडीत केबलचं प्लास्टिक वितळलं होतं.

विजयनगर_बीएस६:
माझं पण असंच आहे पण नवीन इंजेक्शनवाली गाडी आहे, किकच नाहीये. धक्का मारून चालू होईल का?

जुना_रामबाग:
एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्याच, त्यांना फ्युएल पंप आणि ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) चालवायलाच बॅटरी लागते, बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्क्याने पेट्रोलच येणार नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा बारीक 'झूं' आवाज येतो का ते ऐका. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही गाड्यांचा गोंधळ होईल.

राजेंद्रनगर_शिफ्टवाला:
सियागंजातून मीटर आणला, आज सुट्टी होती म्हणून बसलो. बॅटरी 12.7. सेल्फ दाबल्यावर 12.3, म्हणजे खाली येतच नाही. मायनस ते इंजिन बोल्ट, सेल्फ दाबून 8 व्होल्टच्या वर!! मायनसची जाड वायर इंजिनला जिथे आवळलीये तो बोल्ट उघडला, वॉशरखाली सगळा गंज आणि पांढरी-हिरवी पूड. वरून बोल्ट घट्टच होता, त्यामुळे नुसतं बघून कळलंच नसतं. आता पुढे काय लावू?

जुना_रामबाग:
हेच ते. आधी बॅटरीचा मायनस काढा, मग प्लस. वायरीचं टोक, वॉशर आणि इंजिनची ती जागा तिन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, वायर आत काळी पडली असेल तर टोक कापून नवीन लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून घ्या. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन, आधी नाही. जोडताना प्लस आधी.

आणि गाडी चालू करून रेस वाढवून बॅटरीवर एकदा बघाच, 13.5 ते 14.5 मध्ये पाहिजे. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा भाग) बघावा लागेल, नाहीतर नवीन बॅटरी फुकट जाईल.

राजेंद्रनगर_शिफ्टवाला:
झालं काका! मायनस ते इंजिन आता 0.2, सेल्फ एका दाबात. रेस वाढवून 14.1 आला. वायर आत थोडी काळी आहे, पगार झाला की नवीनच टाकतो. बाबा आत्ताच गाडी घेऊन राजवाड्याकडे गेले.