भूकंपाचे तुमचे अनुभव लिहा (आमचं माळवद आणि बाबांचे दगड)

वेणू_औसा: काल बाबांनी व्हिडिओ कॉलवर गावातली नवी शेड दाखवली. पत्र्यावर ओळीनं दगड. "वाऱ्यानं उडू नये म्हणून गं." माझ्या पोटात गोळा आला. रात्रभर झोप नाही, म्हणून धागा काढतेय.

१९९३ ला मी अकरा वर्षांची. विसर्जनाची रात्र. मिरवणुकीतून उशिरा आलो, आत उकडत होतं म्हणून आज्जी आणि मी अंगणात बाजेवर पडलो. ३० सप्टेंबर, पहाटेचे ३:५६, किल्लारीचा भूकंप, हे नंतर कळलं. आधी आवाज आला, जमिनीखाली कुणी ट्रकभर खडी ओतावी तसा. बाज सरकली. मग काही दिसेचना. नाकातोंडात नुसती पांढरी माती.

ती माती आमच्याच माळवदाची. लाकडी खांब, तुळया, वर किलचन (आडव्या लाकडी फळकुटांचा थर) आणि त्यावर हातभर मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकायची, जुनी कुणी काढायचं नाही. पोरं पाट्या वर पोचवायची, मी पण. खाली दोन-अडीच हात रुंद भिंती, दगड आणि चिखल, एकमेकांत न गुंफलेले. उजाडल्यावर बघते तर अर्धे खांब उभेच, भिंती तेवढ्या फुटून आत आलेल्या. धाकटी काकू आत होती.

लिहा तुम्ही पण.

झकासराव: वाचून सुन्न. माझा अनुभव फालतू आहे, २६ जानेवारी २००१, पुण्यात शाळेत झेंडावंदनाला उन्हात उभे होतो. चक्कर आली असं वाटून मी सरळ बसलो. पीटीच्या सरांनी कान पिरगळला. घरी येऊन टीव्हीवर भुज बघितलं. सरांनी अजून सॉरी म्हटलेलं नाही.

कोयनाकाठ: आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४:२१. मी नव्हतो, आजोबा सांगायचे. घोंगड्या गुंडाळून सगळे ग्राउंडवर, थंडी मरणाची, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, धरण फुटलं का? नाही फुटलं, तडे गेले, नंतर मजबूत केलं. आता बारीक धक्का आला तर आज्जी कपावर बशी ठेवते, उठत नाही.

पिंपळपान: तो धरणामुळेच ना?

कोयनाकाठ: भेगा आणि ताण खाली होतेच हो. पण १९६२ पासून पाणी भरायला लागलं तसे धक्के वाढले. एक पाण्याचं वजन, आणि दुसरं म्हणजे भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब, त्यानं अडकलेला खडक सुटतो. दुसरं जास्त महत्त्वाचं म्हणतात. बाकी नंतर, गिऱ्हाईक आलंय.

मीनल_टी: @वेणूताई माळवद म्हटलं की मला कुरडया आठवतात!! आज्जी धोतर अंथरून घालायची, आम्ही कावळे हाकलायला.

शेजारधर्म: गव्हाचा चीक खाल्लाय का पण? गरम, वर तूप साखर

मीनल_टी: नका आठवण करून देऊ, इथे एअर फ्रायर आहे फक्त

तोक्योकर: मी इथे नवा होतो, ११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनला ऑफिसातले सगळे एकदम टेबलाखाली, मी दाराकडे पळालो तर शेजारच्या बाईंनी शर्ट धरून खाली ओढलं. ९ चा होता तो, मिनिटं मिनिटं हलत राहिलं. इमारत बांबूसारखी डोलली, पडली नाही. नंतर बाई म्हणाल्या, पळताना माणूस पडतो, नाहीतर डोक्यावर काच येते. रात्री घरी आलो तर गॅस आपोआप बंद, मीटरच तसा असतो. तेव्हापासून पलंगाखाली बूट आणि टॉर्च. बूट काचांसाठी. आई आली की म्हणते, चपला पलंगाखाली ठेवू नये, लक्ष्मी जाते.

झकासराव: @तोक्योकर आणि उंबऱ्यात उभं राहायचं ते?

तोक्योकर: जुनी समजूत. आजच्या घरात उंबऱ्याला वेगळी ताकद नाही. टेबल नसेल तर खिडकी-कपाटापासून लांब बसा, डोकं-मान हातांनी झाका. पण हे पक्क्या घरात हं, वेणूताईंच्या त्या घरात टेबलाखाली बसून काय होणार होतं.

डहाणूची_पोर: आमच्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून चालूच होतं, धुंदलवाडीच्या बाजूला. मोठं नाही पण रोज!! लेकरं थंडीत ताडपत्रीखाली. एक दिवस धक्का आला नाही तर सासूबाई म्हणाल्या आज काय झालं. व्हॉट्सअपवर "आज रात्री १२ ला येणार" फिरायचं ते वेगळंच. अरे तारीख-वेळ सांगणं जगात कुणाला जमलेलं नाही, तुला कुठून कळलं

सिव्हिल_काका: कुणी आपापल्या बिल्डिंगचं पार्किंग बघितलंय का? खाली नुसते खांब, वर सहा मजले भिंतींसकट. २००१ ला अहमदाबादेत अशाच कित्येक बसल्या. आमच्या सोसायटीत एकानं दुकानासाठी कॉलमला छिन्नी लावली, सभेत बोललो तर म्हणे काका तुम्ही निगेटिव्ह. आणि किल्लारी १९९३ ला भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये होती, सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. भारताचा पत्रा उत्तरेला रेटतोय, तो ताण मधे कुठेही साठतो. पत्रा म्हणजे प्लेट हो, वेणूताईंचा नाही.

मीनल_टी: 😂

शेजारधर्म: आमचं कुत्रं आधी भुंकतं म्हणे. ते स्कूटरवर पण भुंकतं.

वसमतवाला: @वेणू दगडांची भीती बरोबर आहे. मार्च २०२४ ला हिंगोलीकडे ४.५ चा झाला तेव्हा प्रशासनानं हेच सांगितलं, पत्र्यावरचे दगड काढा. आमच्या तिकडं वर्षानुवर्षं जमिनीतून गुरगुर येते, सवय झाली की लोक विसरतात. पत्र्याला हुक-बोल्ट मारा, वायसर रबराचं घ्या नाहीतर गळतं.

वेणू_औसा: आत्ता बाबांना फोन केला. म्हणाले, "काढले सगळे. पण पत्रा उडाला तर तुझ्या दारात आणून टाकीन." मग जरा थांबून विचारलं, किती इंची हुक घेऊ? @वसमतवाला सांगा हो.

वसमतवाला: खाली पाइप आहे का अँगल, ते विचारा आधी