प्रायोजित कार्यक्रमाला जाऊन आले, आता एजन्सीला रील-स्टोरी सबमिट करायच्या आहेत. सल्ला हवा

फोडणी
नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते आणि घरगुती मराठी पदार्थांचं इन्स्टाग्राम पेज चालवते. फॉलोअर्स थोडे आहेत, पण जे आहेत ते खरोखर करून बघतात आणि फोटो पाठवतात. त्यामुळे मी काय सांगते याला माझ्या लेखी किंमत आहे.

शनिवारी लोअर परळच्या एका हॉटेलात खाद्यतेलाच्या एका कंपनीचा कार्यक्रम होता. बोलावणं पीआर एजन्सीकडून आलं. शेफचं प्रात्यक्षिक, जेवण, आणि निघताना हॅम्पर : तेलाचे डबे, बिडाची कढई, तवा. पैसे नाहीत, बार्टर, म्हणजे पोस्टच्या बदल्यात वस्तू. जाण्याआधी व्हॉट्सअॅपवर एवढंच ठरलं होतं, १ रील, ३ स्टोरी आणि कंपनीला टॅग. मी हो म्हटलं.

आज त्यांची मेल आली. रील ७२ तासांत हवं, पण त्याआधी अप्रूव्हलला पाठवायचं. गूगल फॉर्ममध्ये लिंक आणि स्टोरीचे स्क्रीनशॉट, सात दिवसांनी इनसाइट्स, म्हणजे किती जणांनी पाहिलं वगैरे आकडे. इथवर ठीक. पुढे मात्र लिहिलंय, सगळं मूळ फुटेज ड्राइव्हवर टाका, कंपनी ते कायमस्वरूपी कुठेही वापरेल. कॅप्शनही तयार करून दिलंय आणि त्यात ‘कोलेस्टेरॉल कमी करते’ असं वाक्य आहे. ‘ही जाहिरात आहे’ असं पोस्टवर सांगणाऱ्या लेबलबद्दल मात्र अवाक्षर नाही.

हॉल तळघरात होता, नेटवर्क मिळेना, म्हणून स्टोरी तिथून टाकता आल्या नाहीत. आता टाकल्या तर चालतील का? फुटेज द्यावंच लागतं का? कॅप्शन बदलता येतं का? दिलेला शब्द मला पाळायचाय, पण न दिलेला शब्द माझ्या गळ्यात पडायला नको.

परळकर
स्टोरी आज टाकून मोकळ्या व्हा. लेबलचं कशाला डोक्याला लावून घेता? पैसे घेतले नाहीत ना? फुकट हॅम्परला कोणी लेबल लावत नाही, उगाच रीच पडतो, पोस्ट कमी लोकांपर्यंत जाते.

एजन्सीतली
मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे असल्या मेल पाठवणारी. आधी तो फॉर्म कशासाठी असतो ते सांगते. कार्यक्रम संपला की क्लायंटला, म्हणजे कंपनीला, रिपोर्ट द्यावा लागतो : किती जण आले, कोणी काय टाकलं, किती लोकांनी पाहिलं. एक ज्युनिअर मुलगी सगळ्यांच्या नावांची एक्सेल शीट घेऊन बसलेली असते. तुमच्या नावापुढचा रकाना रिकामा राहिला की ती फोन करत सुटते. तुम्ही पोस्ट टाकलीत, पण लिंक दिली नाहीत, तर शीटमध्ये तुम्ही ‘बाकी’च.

स्टोरी उशिरा टाकल्या तरी बहुतेक वेळा चालतं, फक्त आधी मेलवर कळवा की हॉलमध्ये नेटवर्क नव्हतं, आज संध्याकाळी टाकतेय. मात्र ‘आत्ता इथे आहे’ असा आव आणू नका. शनिवारच्या कार्यक्रमातलं आहे असं सरळ लिहा.

स्टोरी २४ तासांनी जाते, मग तिची लिंक फॉर्ममध्ये देऊन उपयोग नाही. एजन्सीतलं माणूस दोन दिवसांनी उघडतं आणि त्याला काहीच दिसत नाही. स्टोरी लाइव्ह असतानाच स्क्रीनशॉट काढा, आणि त्यात तुमच्या पेजचं नाव, कंपनीचा टॅग आणि लेबल तिन्ही दिसायला हवं. व्ह्यूजचा आकडा स्टोरी संपत आली की दुसऱ्यांदा टिपा. कोणी पाहिली ही यादी ४८ तासांनंतर दिसत नाही, त्यामुळे ‘नंतर काढू’ म्हणून ठेवू नका. जमलं तर तिन्ही हायलाइटमध्ये ठेवा, तिथे त्या प्रोफाइलवर राहतात.

रीलची लिंक त्या रीलच्या शेअरमधून कॉपी करा. पुष्कळजण प्रोफाइलची लिंक देतात, मग आम्ही खाली खाली शोधत बसतो. अप्रूव्हलचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन धूसर होतो आणि क्लायंट म्हणतो क्वालिटी नाही. ड्राइव्हवर टाकलात तर लिंक दुसऱ्या अकाउंटवरून उघडून बघा. परवानगी न दिल्यामुळे अडकलेल्या फाइली हा आमचा रोजचा ताप आहे.

आणि ७२ तासांचं असं की अप्रूव्हल त्यांच्याकडे रखडलं तर घड्याळ तुमचं का चालावं? ड्राफ्ट पाठवतानाच लिहा, ‘अप्रूव्हल आल्यापासून २४ तासांत पोस्ट करेन.’ असं लिहिलं की कोणी हरकत घेत नाही.

नियमांची_वही
परळकर, तुमचा सल्ला चुकीचा आहे आणि तो कोणी पाळू नये म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातींवर स्वनियमन करणारी अॅस्की ही संस्था आपल्या मुंबईतलीच. इन्फ्लुएन्सरांसाठी तिची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१पासून लागू आहेत. ती ऐच्छिक म्हणून सोडून द्याल, पण ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३मध्ये याच विषयावर सूचना काढल्या, आणि त्यांच्यामागे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उभा आहे. दोन्हीकडे प्रश्न ‘पैसे घेतले का’ एवढाच नाही. भेटवस्तू, हॉटेलचा मुक्काम, सवलत, बार्टर हे सगळं कंपनीशी असलेल्या नात्यातच धरतात आणि ते उघड सांगावं लागतं. कढई-तवा घरी आला म्हणजे लेबल आलंच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत, आणि एक वर्षापर्यंत जाहिरात करायलाच बंदी घालू शकतं.

फोडणीताई, लेबल कसं लावायचं ते नीट बघा. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी लपवलेलं धरत नाहीत. कॅप्शनमध्ये ‘आणखी’वर टिचकी मारण्याआधी दिसेल असं, पहिल्याच ओळीत. व्हिडिओवरही हवं : १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. तुमचं रील ४५ सेकंदांचं असेल तर १५ सेकंद लेबल पडद्यावर. इन्स्टाग्रामचं ‘पेड पार्टनरशिप’ लेबल चालू करा आणि हेही ठेवा. तुमचं रील मराठीत आहे, तर ‘जाहिरात’ असं मराठीत लिहिलेलं चालतं.

आता कॅप्शन. ‘कोलेस्टेरॉल कमी करते’ हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. जी वस्तू शिफारस करताय ती स्वतः वापरलेली किंवा अनुभवलेली हवी आणि दाव्याला आधार हवा. तुम्ही त्या तेलात काही तळलंत, चव पाहिलीत, हे सांगू शकता. तुमच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल शनिवारपासून आजपर्यंत कमी झालं हे तुम्ही कशावरून सांगणार? शिवाय आरोग्याविषयी सांगणाऱ्याकडे त्या विषयाची पात्रता असावी, हेही अॅस्कीने २०२३मध्ये घातलंय. एजन्सीला दाव्याचा पुरावा मागा. बहुतेकदा पुरावा येत नाही, वाक्यच निघतं.

परळकर
भेटवस्तूचंही धरतात हे माहीत नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद कोणी मनावर घेऊ नका.

हिशेबनीस
कराचं थोडक्यात. १ जुलै २०२२पासून धंद्याच्या संबंधात मिळालेल्या वस्तू किंवा सोयींवर, एका देणाऱ्याकडून आर्थिक वर्षात २० हजारांवर गेल्या तर, देणाऱ्याने १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच कापलेला कर, भरायचा असतो. वस्तू वापरून परत केली तर ती त्यात येत नाही, ठेवून घेतली तर येते. कढई-तव्यात तुम्ही ती मर्यादा गाठणार नाही, पण फोन, मिक्सर असं काही आलं तर एजन्सी पॅन मागेल तेव्हा दचकू नका. कोणाकडून काय आलं, बाजारभाव काय, ते वहीत लिहून ठेवा.

कॅमेरामागचा
मी लग्नाचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ करतो, फुटेजबद्दल मला बोलायचंय.

मूळ फुटेज तुमचं आहे. तुम्ही काढलंत, नोकरीत नव्हतात, पैसेही घेतले नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे काही न लिहिण्यापेक्षा ‘कायमस्वरूपी, कुठेही’ असं लिहून देणं तुम्हाला महाग पडतं. त्या मेलला नुसतं ‘ओके’ असं उत्तर पाठवू नका.

नाही म्हणायचं नसेल तर मधला रस्ता आहे. तयार रील कंपनीला तिच्या स्वतःच्या पेजवर तीन महिने वापरू द्या, तुमचं नाव घालून. त्यावर पैसे लावून जाहिरात चालवायची असेल तर वेगळे पैसे. कापाकापी करायला सुटं फुटेज द्यायचं नाही, कारण मग तुमचा चेहरा आणि दुसऱ्याचा आवाज असं काहीही होऊ शकतं. कार्यक्रमातल्या इतर पाहुण्यांचे चेहरेही त्यात असतात, त्यांना कोणी विचारलंय?

आणि गाणं. ट्रेंडिंग गाणं जाहिरातीच्या रीलला लावू नका, त्याची परवानगी खाजगी वापरापुरती असते. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक वापराच्या संग्रहातलं घ्या, नाहीतर फोडणीचा चर्र आवाज ठेवा. तुमच्या रीलला तोच शोभेल.

एजन्सीतली
फुटेजच्या मुद्द्यावर माझं थोडं वेगळं मत आहे. कित्येकदा ती ओळ जुन्या मेलमधून जशीच्या तशी आलेली असते आणि क्लायंटला खरं तर शेफचे दोन शॉट हवे असतात. आधी भांडू नका, ‘नेमकं काय आणि कशासाठी हवंय’ एवढं विचारा.

फोडणी
सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीतली म्हणाल्या तसं फोन करून विचारलं. त्यांना खरंच शेफ कोथिंबीर वडी तळतोय तेवढाच शॉट हवा होता, त्यात पाहुणे कोणी नाहीत. तो देतेय. कोलेस्टेरॉलचा पुरावा मागितला, तर ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असं उत्तर आलं. फोनवरचं सगळं मेलवर घातलंय. कोणाला लागलं तर उचला :

‘नमस्कार. आपलं फोनवर ठरल्याप्रमाणे १ रील आणि ३ स्टोरी देत आहे. ड्राफ्ट सोबत जोडला आहे. अप्रूव्हल आल्यापासून २४ तासांत पोस्ट करेन. कॅप्शन माझ्या अनुभवापुरतं आहे, आरोग्याचा दावा त्यात नाही. रील, स्टोरी आणि कॅप्शनवर ‘जाहिरात’ असं लेबल आहे, ते काढता येणार नाही. वडीचा शॉट वेगळा पाठवत आहे. तो आणि रील कंपनीच्या पेजवर तीन महिने, माझ्या पेजचं नाव देऊन वापरता येईल. पैसे लावून जाहिरात करायची असल्यास आधी बोलू. बाकीचं फुटेज देणं ठरलेलं नव्हतं, ते पाठवत नाही. स्टोरीचे स्क्रीनशॉट आणि रीलची लिंक फॉर्ममध्ये भरते, सात दिवसांचे इनसाइट्स याच मेलवर पाठवेन. हे मान्य असल्याचं कृपया उत्तरात कळवा.’