थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे थरथर आणि मिसिंग

प्रश्न

माझी चार सिलिंडरची, मल्टिपॉइंट इंजेक्शनची पेट्रोल गाडी सुमारे ९५,००० किलोमीटर चालली आहे. रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटे आरपीएमचा काटा ६०० ते १,१०० यांच्यात वरखाली होतो, थरथर स्टिअरिंगपर्यंत पोहोचते आणि सायलेन्सरजवळ उभे राहिल्यास आवाजाचा एखादा ठोका चुकल्यासारखा ऐकू येतो. इंजिन गरम झाले की सगळे शांत होते, त्यामुळे गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दाखवण्यासारखे काही उरत नाही. चारही स्पार्क प्लग नवे बसवले, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, फरक शून्य. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरने पी०३०२ हा कोड दाखवला. आता इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलावी असे सांगण्यात येत आहे. हा खर्च करण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी?

उत्तर १

कॉइल विकत घेण्याची घाई करू नये. पी०३०२ हा कोड दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, एवढेच सांगतो. ठिणगी कमी पडते, पेट्रोल कमी पडते की हवा जास्त शिरते, याचा उलगडा त्यातून होत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसून टाका आणि गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे. पुन्हा पी०३०२ आला तर कॉइल निर्दोष आहे.

त्याच सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, नुसती चावी फिरवून, स्कॅनरवर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि त्यातले काही इनटेक पोर्टच्या (सिलिंडरमध्ये हवा जाण्याच्या वाटेच्या) भिंतींना चिकटून राहते, म्हणून ईसीयू (इंजिनचा संगणक) सुरुवातीला जास्त पेट्रोल देतो. कूलंट सेन्सर १८ अंशांऐवजी ६० अंश सांगत असेल, तर हे जादा पेट्रोल मिळत नाही. अर्थात असा दोष चारही सिलिंडरना भोवला असता, त्यामुळे माझा संशय सेन्सरवर फारसा नाही.

उत्तर २

कूलंटची पातळीही पाहावी. हेड गॅस्केटला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालच्या सीलला) बारीक गळती असेल, तर गाडी बंद केल्यावर यंत्रणेत उरलेल्या दाबामुळे थोडे कूलंट एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपते. सकाळी तेवढाच एक सिलिंडर मिनिटभर मिसिंग करतो आणि दाट पांढरा धूर येतो. टाकीवर पातळीची खूण करून आठवडाभर लक्ष ठेवा, मात्र इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

प्रश्नकर्ता

कॉइलची अदलाबदल केली, कोड पी०३०२ च राहिला. तापमाने १७ आणि १८ अंश दिसली. आठ दिवसांत कूलंट खुणेवरून हललेले नाही आणि पांढरा धूरही नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) पाहिला: सुरू केल्यानंतर मिनिटभराने, थरथर चालू असताना, तो +२१ टक्के होता, २,५०० आरपीएमवर धरल्यावर +६ झाला, आणि गरम झाल्यावर आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) +५.

उत्तर १

हे आकडे बरेच बोलके आहेत. ट्रिम इतका वर जातो म्हणजे ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसते आहे आणि ईसीयू पेट्रोल वाढवत आहे. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजनही सेन्सरला फसवतो, म्हणून एकट्या +२१ वर मी विसंबलो नसतो. पण इंजेक्टर तुंबलेला असता तर आरपीएम वाढवल्यावर, पेट्रोलची मागणी वाढताच, परिस्थिती बहुधा बिघडली असती. तुमच्याकडे ती सुधारते. एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा फटीतून शिरत असेल तर असेच घडते: आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधली) ओढ सर्वाधिक आणि एकूण हवा कमी, त्यामुळे तेवढीच गळती फार जाणवते.

दोष एकाच सिलिंडरमध्ये आणि फक्त थंडीत, म्हणून दुसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी असलेले इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट प्रथम तपासावे. कडक झालेले रबर गारठ्यात आकसून फट सोडते आणि उष्णतेने फुगून ती पुन्हा बुजवते. काही जण कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात. तो पेट घेतो, म्हणून स्मोक टेस्ट (मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहण्याची चाचणी) करून घेणे बरे. मॅनिफोल्ड परत बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळायला सांगा. प्लास्टिकचे मॅनिफोल्ड जास्त आवळल्यास तडकते.

प्रश्नकर्ता

पहिली स्मोक टेस्ट गाडी चालवत नेल्यावर लगेच झाली आणि तीत काहीच सापडले नाही. मी आग्रह धरून गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी थंड इंजिनवर तीच चाचणी केल्यावर दुसऱ्या सिलिंडरच्या नळीखालून धुराची बारीक रेघ वर आली. काढलेले गॅस्केट त्या बाजूला पार चपटे झाले होते आणि नखाने दाबले तरी दबत नव्हते. नवे बसवून पाच सकाळी झाल्या. इंजिन १,३०० आरपीएमवर सुरू होऊन आपोआप ८०० पर्यंत उतरते, थंड असतानाचा ट्रिम +३ आहे आणि कोड परत आलेला नाही.