मदत हवी आहे: मीडिया प्लेयरबरोबर आलेले, सतत बॅकग्राउंडला चालणारे प्रोग्रॅम कसे थांबवायचे?

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. गाणी आणि व्याख्यानांची रेकॉर्डिंग ऐकायला एक मोफत मीडिया प्लेयर वापरते. प्लेयर म्हणून तो चांगलाच आहे. माझ्या सगळ्या याद्या आणि गाण्यांना दिलेले तारे त्यातच आहेत, त्यामुळे "दुसरा प्लेयर घ्या" हा सल्ला शेवटचा उपाय म्हणून ठेवूया.

त्रास वेगळाच आहे. प्लेयर बंद असतानाही त्याची चार पिल्लं टास्क मॅनेजरमध्ये चालूच असतात: एक अपडेटर, घड्याळाशेजारी आयकॉन दाखवणारा एक हेल्पर, यूएसबीला फोन लावला की ओळखणारी एक सर्व्हिस आणि नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी आणखी एक. मी फोन या प्लेयरला कधी जोडतच नाही. लॉगिन झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर असते, साधी फाइल उघडायलाही थांबावं लागतं. गाणं लावलेलं नसताना गाणं वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने माझी मेमरी का अडवून ठेवावी, हे मला खरंच पटत नाही.

आतापर्यंत काय केलं: टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून हेल्पर डिसेबल केला. रीस्टार्टनंतर तो दिसला नाही, पण प्लेयर एकदा उघडला आणि हेल्पर परत हजर. अपडेटर स्टार्टअपच्या यादीत कुठेच नाही, तरी लॉगिननंतर थोड्या वेळाने सुरू होतो. सर्व्हिसवर 'एंड टास्क' केलं तर मिनिटभरात ती पुन्हा उभी राहते.

अपडेटर नेमका कुठून सुरू होतो? आणि नेटवर्कवाली सर्व्हिस बंद केली तर वायफायवरचा प्रिंटर चालेल ना? घरात सगळ्यांना तो लागतो, म्हणून तिला हात लावायची भीती वाटते.

प्रतिसाद

अपडेटरसाठी टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी विंडोजची सोय) उघडून बघा. डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी'वर क्लिक केलं की यादी येते. 'अ‍ॅक्शन्स' टॅबमध्ये कोणती फाइल चालते ते कळतं आणि 'ट्रिगर्स'मध्ये कधी चालते ते. लॉगिननंतर काही मिनिटांनी सुरू हो, अशी सोय तिथे असते, म्हणूनच तो उशिरा दिसतो. राइट क्लिक करून डिसेबल करा. डिलीट करू नका, पुढे लागला तर परत चालू करता येईल.

प्रतिसाद

सर्व्हिसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे घाई केली तर इंटरनेट बंद पडू शकतं.

'एंड टास्क' केल्यावर ती परत येते कारण प्रत्येक सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिकव्हरी' नावाचा टॅब असतो. 'एंड टास्क' केलं की विंडोजला वाटतं सर्व्हिस कोसळली, आणि तिथे 'रीस्टार्ट द सर्व्हिस' निवडलेलं असलं तर ते तिला पुन्हा उठवतं. म्हणून टास्क मॅनेजरमधून मारण्यात अर्थ नाही. स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधा, सर्व्हिस उघडून आधी 'डिपेन्डन्सीज' टॅब पाहा (तिच्यावर दुसरं काही अवलंबून आहे का), मग 'स्टॉप' करून स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' ठेवा. 'डिसेबल्ड' पेक्षा मॅन्युअल बरं, खरंच गरज पडली तर ती पुन्हा सुरू करता येते. यूएसबीवाल्या सर्व्हिसला हे निर्धास्तपणे करा.

नेटवर्कवालीच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तिच्या फोल्डरमधल्या डीएलएल फाइल (प्रोग्रॅमना लागणाऱ्या सहायक फाइल) हाताने उडवू नका. अशा काही सर्व्हिसेस विंडोजच्या विनसॉक यादीत (प्रोग्रॅम नेटवर्कशी ज्यातून बोलतात तो विंडोजचा भाग) स्वतःची डीएलएल नोंदवून ठेवतात. नोंद राहिली आणि फाइल गेली, तर वायफाय जोडलेलं दिसूनही साइट उघडेनाशा होऊ शकतात. कुणाचं तसं झालंच असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश विनसॉक रीसेट' ही आज्ञा (अर्थात रोमन लिपीत) देऊन रीस्टार्ट करा. नुसतं मॅन्युअल करण्यात हा धोका नाही.

प्रिंटरसाठी: प्रिंटर प्रॉपर्टीज, मग 'पोर्ट्स' टॅब. टिक असलेल्या ओळीत 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' आणि आकड्यांचा पत्ता असेल तर प्रिंटरला या सर्व्हिसची गरज नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! अपडेटर टास्क शेड्युलरमध्येच सापडला, 'अ‍ॅट लॉग ऑन' असंच लिहिलेलं होतं. प्रिंटरच्या पोर्टला आकड्यांचा पत्ता आहे, त्यामुळे दोन्ही सर्व्हिस मॅन्युअल केल्या, रीस्टार्ट केलं आणि एक पान छापून पाहिलं. व्यवस्थित आलं. डिस्कही लॉगिननंतर बऱ्याच लवकर शांत होते.

हेल्पर मात्र अजून प्लेयर उघडला की परत येतो. आणि अपडेटर बंद ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर आहे का?

प्रतिसाद

हेल्पर परत येतो कारण बहुधा प्लेयर उघडताना तोच त्याला सुरू करतो, आणि स्टार्टअप टॅबमधलं डिसेबल फक्त लॉगिनच्या वेळी लागू होतं. त्यामुळे आधी प्लेयरच्याच सेटिंगमध्ये 'सिस्टम ट्रेमध्ये आयकॉन दाखवा' किंवा 'विंडोजबरोबर सुरू करा' अशा अर्थाची खूण शोधून काढून टाका. बहुतेक वेळा ती 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये दडलेली असते. ती काढल्यावर स्टार्टअपमधून पुन्हा डिसेबल करा. तरी आला तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं 'ऑटोरन्स' उतरवून घ्या. ते मोफत आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. स्टार्टअप, शेड्युल्ड टास्क, सर्व्हिसेस, विनसॉक, सगळं एकाच खिडकीत दिसतं. 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' चालू केलं की विंडोजच्या स्वतःच्या नोंदी बाजूला होतात आणि चुकून भलत्याला धक्का लागत नाही. इथेही फक्त टिक काढा, नोंद पुसू नका.

अपडेटचा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. मीडिया प्लेयरमधल्या त्रुटींचा फायदा घेणाऱ्या, मुद्दाम बिघडवलेल्या ऑडिओ-व्हिडिओ फाइल असतात, त्यामुळे प्लेयर जुना ठेवणं धोक्याचं. त्याच्या 'हेल्प' मेनूतून महिन्यातून एकदा स्वतः 'चेक फॉर अपडेट्स' करा. नवी आवृत्ती टाकताना 'कस्टम' निवडून नको त्या खुणा काढा, आणि लगेच टास्क शेड्युलर व सर्व्हिसेस पुन्हा बघा. अपडेटबरोबर या नोंदी बऱ्याचदा पहिल्यासारख्या होतात.