मदत हवी आहे: बेअर्सनी कॉन्फरन्स बदलली, मार्चचं बुकिंग करू की नको?

स्प्रिंगफील्डकर
लोकहो, घाईत लिहितोय. शुक्रवारपर्यंत ऑफिसात रजा टाकायची आहे. आमच्या बेअर्सनी कॉन्फरन्स (म्हणजे कॉलेज टीम्सचा गट) बदलली. इतकी वर्षं ठरलेलं होतं: मार्च उजाडला की गाडी काढायची, साडेतीन तासांत सेंट लुइसला पोचायचं, चार दिवस पोटभर मॅचेस बघायच्या आणि रविवारी रात्री घरी. आता कॉन्फरन्सची टुर्नामेंट हंट्सव्हिलला. नकाशात बघितलं तर पार तिकडे अलाबामात.
प्रश्न एवढाच की नव्या कॉन्फरन्समधून एनसीएएच्या मोठ्या, देशभरातल्या कॉलेजांच्या टुर्नामेंटला जायचे चान्सेस वाढले की कमी झाले? वाढले असतील तर हॉटेल बुक करतो. मी म्हणतो फायदाच आहे, चिरंजीव म्हणतात वाटोळं झालं. हो किंवा नाही एवढंच सांगा, निबंध नको.

माणिकमोती
कोणते बेअर्स? बेलर बेअर्स, मर्सर बेअर्स, ब्राऊन बेअर्स, सेंट्रल आर्कान्साही बेअर्सच. कॅलिफोर्नियावाले गोल्डन बेअर्स, त्यांनी 2024 मध्ये कॉन्फरन्स बदलली. आणि खेळ कोणता?

तिरकस
गावही सांगा. स्प्रिंगफील्ड इलिनॉयात आहे, मिसुरीत आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही आहे. मॅसॅच्युसेट्सवाले असाल तर नमस्कार घ्या, बास्केटबॉल 1891 मध्ये तिथेच जन्माला आला. मग खेळ विचारायची गरज नाही.

स्प्रिंगफील्डकर
मिसुरी स्टेट हो! बास्केटबॉल, अजून काय असणार. मिसुरी व्हॅलीतून कॉन्फरन्स यूएसएत गेलो, 1 जुलै 2025 पासून. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असेल.

माणिकमोती
अहो, इथे निम्मे लोक चिंचवडहून वाचतायत.

लेडीबेअर_फॅन
मुलांची टीम की मुलींची? फरक पडतो म्हणून विचारतेय.

स्प्रिंगफील्डकर
मुलांची.

लेडीबेअर_फॅन
तरीच. मुलांची टीम एनसीएएत शेवटची गेली 1999 ला, तेव्हा कॉलेजच्या नावात 'साउथवेस्ट' होतं. मुली 1992 आणि 2001 ला फायनल फोरमध्ये (शेवटच्या चारांत) खेळल्यात. जॅकी स्टाइल्सला खेळताना बघितलंय का कधी? 2019 आणि 2021 ला पुन्हा स्वीट सिक्स्टीन, म्हणजे शेवटच्या सोळांत. चार दिवसांची रजा खर्चायचीच असेल तर चान्स कुठे जास्त आहे ते तुम्हीच बघा.

स्प्रिंगफील्डकर
ताई, मान्य, पण प्रश्न तो नव्हता.

विचिटाकाका
मी सांगतो, कारण यातून आम्ही गेलोय. 2013 ला आमची विचिटा स्टेट फायनल फोरमध्ये, पुढच्या वर्षी 35 विजय आणि फक्त एक पराभव, तोही केंटकीकडून. तेव्हा सगळे म्हणायला लागले, व्हॅली आता आपल्याला लहान पडते. 2017 ला अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेलो. कारण काय, तर तिथे सिनसिनाटी, ह्यूस्टन, मेम्फिस. बायकोला म्हटलं, आता बघ कोक अरीनात कोण कोण येतं ते.
आली की. 2023 पर्यंत. त्या वर्षी सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा बिग ट्वेल्व्ह या बड्या कॉन्फरन्समध्ये निघून गेले आणि त्यांच्या जागी राइस, शार्लट, नॉर्थ टेक्सस, यूएबी वगैरे सहा जण आले. चांगल्या शेजाराकडे बघून फ्लॅट घ्यावा आणि शेजाऱ्याने सहा वर्षांत फ्लॅट विकावा, तसं झालं. 2021 नंतर आम्ही एनसीएएत नाही. साडेदहा हजारांचं स्टेडियम, पूर्वी तिकीट मिळायचं नाही. आता ऐन वेळी जाऊनही मिळतं.
तुमचा मुलगा बरोबर आहे. बुक करू नका.

ओमाहाची_मृणाल
काकांचं दुःख समजू शकते पण हे अर्धवट चित्र आहे. क्रेटनसुद्धा व्हॅलीतूनच गेली, 2013 ला बिग ईस्टमध्ये, आणि 2023 ला एलिट एटपर्यंत पोचली. बटलर होरायझनमधून निघाली ती एक वर्ष अटलांटिक टेनमध्ये काढून तिथेच आली. व्हीसीयू, डेव्हिडसन हेही खालून वर गेलेले. बदल म्हणजे वाटोळंच असं नाही.

विचिटाकाका
मृणाल, बिग ईस्ट हा अपवाद आहे. अमेरिकन फुटबॉलच्या भानगडीला कंटाळून सात कॅथलिक कॉलेजं बाहेर पडली आणि बास्केटबॉलसाठीच एकत्र राहिली. अशी जागा किती जणांना मिळते? आमच्याकडे 1986 नंतर फुटबॉल नाही, त्यामुळे मोठ्या कॉन्फरन्सपुढे टेबलावर ठेवायला आमच्याकडे काही नव्हतंच.

आकडेमोड
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही, म्हणून देतो.
2025 ला एनसीएएत 68 टीम्स होत्या. त्यातल्या 31 आपापली कॉन्फरन्स टुर्नामेंट जिंकून गेल्या, उरलेल्या 37 निवड समितीने निवडल्या. व्हॅलीतून 2022 ते 2025 प्रत्येक वर्षी एकच टीम गेली: लॉयोला, मग तीनदा ड्रेक. कॉन्फरन्स यूएसएतूनही याच चार वर्षांत दर वर्षी एकच: यूएबी, फ्लोरिडा अटलांटिक, वेस्टर्न केंटकी, लिबर्टी. म्हणजे दोन्हीकडे दार एकच आहे. टुर्नामेंट जिंकलात तर गेलात, नाहीतर घरी. चान्सेस वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत.
समिती 'नेट' नावाची क्रमवारी बघते. घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधल्या टीमला हरवलं किंवा तिच्या गावात जाऊन पहिल्या 75 मधल्या टीमला हरवलं, तर तो वरच्या गटातला विजय. मोठ्या कॉन्फरन्समध्ये असे विजय दर आठवड्याला आयते मिळतात. 2025 ला एसईसी या बड्या कॉन्फरन्सच्या 16 पैकी 14 टीम्स आत गेल्या, तो विक्रम आहे. त्याच वर्षीच्या स्वीट सिक्स्टीनमध्ये मिड-मेजर (बड्या कॉन्फरन्सबाहेरची टीम) एकही नव्हती.
तुमच्याच टीमचं जुनं उदाहरण: 2006 ला आरपीआय नावाची क्रमवारी होती, त्यात मिसुरी स्टेट 21 वी होती, तरीही निवड झाली नाही. तेव्हा तर व्हॅली जोरात होती.

स्प्रिंगफील्डकर
2006 चं काढू नका हो. मी नवीनच आलो होतो इथे. ऑफिसातला एक जण त्या सोमवारी कामावर आलाच नाही.

बापट_नागपूर
मला यातलं फार कळत नाही पण हे आपल्या रणजीच्या प्लेट आणि एलिट गटासारखं दिसतंय. चांगलं खेळा, वर जा.

आकडेमोड
नाही बापटसाहेब, उलट आहे. रणजीत गट निकालावर बदलतो. इथे कॉन्फरन्स टीव्हीच्या पैशावर बदलते. विदर्भाने 2017-18 ला पहिल्यांदा रणजी जिंकली, त्याआधी कुणी येऊन "तुमच्या शहरात टीव्ही किती घरांत आहेत" असं विचारलं नव्हतं.

बापट_नागपूर
विदर्भाचा उल्लेख केल्याबद्दल आभार. 2018-19 आणि 2024-25 सुद्धा आमचीच, हे नोंदवून खाली बसतो.

पिवळीटॅक्सी
सगळ्यांनी मुद्दा सोडलाय. मिसुरी स्टेट बास्केटबॉलसाठी गेलेलीच नाही, फुटबॉलसाठी गेली. व्हॅलीत राहून वरच्या श्रेणीचं फुटबॉल खेळता येत नाही. वर चढायला एनसीएएला भरायची फी 2023 मध्ये 5 हजार डॉलरवरून 50 लाख डॉलर केली, तरीही कॉलेजं रांगेत आहेत. बास्केटबॉल या लग्नात करवलीसारखं गेलंय.
आणि बास्केटबॉलवाल्यांच्या वाट्याला प्रवास किती आला ते बघा. व्हॅलीत सगळं बसने होण्यासारखं: सेंट लुइसच्या आसपास, इलिनॉय, आयोवा, इंडियाना. आता एका टोकाला एल पासो, दुसऱ्या टोकाला डेलावेअर, तिसऱ्या टोकाला मायामी. तीन टाइम झोन! मुलं परीक्षा कधी देणार?

ओमाहाची_मृणाल
एल पासोवाले 2026 ला माउंटन वेस्टमध्ये चाललेत. म्हणजे काकांचा शेजारी इथेही फ्लॅट विकतोय. (आता मीच काकांच्या बाजूने बोलायला लागले की काय!)

विचिटाकाका
😄

आकडेमोड
मृणालताईंचा मुद्दा पुढे नेतो. कॉन्फरन्स यूएसएचं 2023 हे वर्ष बघा. फ्लोरिडा अटलांटिक फायनल फोरमध्ये. एनआयटी या दुय्यम टुर्नामेंटच्या अंतिम सामन्यात दोन्ही टीम्स याच कॉन्फरन्सच्या, नॉर्थ टेक्ससने यूएबीला हरवलं. शार्लटने सीबीआय ही आणखी एक छोटी टुर्नामेंट जिंकली. एवढं सोन्यासारखं वर्ष, आणि 1 जुलैला या चारही टीम्स कॉन्फरन्स सोडून गेल्या. तुम्ही ज्या घरात गेलात ते त्यानंतर पुन्हा भरलेलं घर आहे.
पैशाचं गणितही तसंच. टुर्नामेंटमध्ये टीम जितके सामने खेळते तितकी 'युनिट्स' कॉन्फरन्सला मिळतात, अंतिम सामना सोडून. एका युनिटचे पैसे सहा वर्षं येत राहतात, सगळे मिळून साधारण 20 लाख डॉलर. पैसे कॉन्फरन्सचे, टीमचे नाहीत. 2018 ला लॉयोला फायनल फोरला गेली तेव्हा सगळ्या व्हॅलीची दिवाळी झाली.

पिवळीटॅक्सी
हे सगळं ट्रान्सफर पोर्टलपुढे (कॉलेज बदलू इच्छिणारे खेळाडू नाव नोंदवतात ते) काहीच नाही. 2024 ची इंडियाना स्टेट आठवा. व्हॅलीत पहिला नंबर, नेटमध्ये तिसाच्या आत, फायनलला ड्रेककडून चार गुणांनी हरली आणि समितीने घेतलंच नाही. लगेच कोच सेंट लुइस विद्यापीठात, चष्मेवाला खेळाडू रॉबी अविला त्याच्या मागोमाग. त्याच वर्षापासून खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलायची मोकळीक. 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. एवढे पैसे मिड-मेजरकडे कुठून येणार? चांगला खेळाडू एक हंगाम राहतो. कॉन्फरन्स कुठलीही असो, तुम्ही दुसऱ्याची नर्सरी आहात.

तिरकस
असहमत. गोंझागाकडे फुटबॉल नाही, कॉन्फरन्स छोटी, तरी 1999 पासून 2025 पर्यंत दर वर्षी टुर्नामेंटला (2020 ला टुर्नामेंटच झाली नाही). आता 2026 ला तेही पॅक ट्वेल्व्हमध्ये निघालेत, पण आपल्या अटींवर.

पिवळीटॅक्सी
एक गोंझागा दाखवायची आणि तीनशे टीम्स झाकायच्या.

तिरकस
एक इंडियाना स्टेट दाखवून तुम्ही तेच केलंत. दिवे घ्या.

जुना_नागपाडेकर
बास्केटबॉलचा धागा बघून राहवलं नाही. आम्ही नागपाड्याच्या कोर्टावर अनवाणी खेळलोय. संध्याकाळी दिवे लागले की चारी बाजूंनी गर्दी, गॅलरीतून बायका आरडाओरडा करायच्या. कॉन्फरन्स नाही, काही नाही. हरलेली टीम जिंकलेल्यांना कीमा-पाव खिलवायची. बस, एवढाच टीव्हीचा पैसा.

माणिकमोती
काका, यावर वेगळा धागा काढा ना. नक्की वाचेन.

रॉकेटसिटी_राजश्री
हंट्सव्हिलमध्ये राहते म्हणून लिहितेय. मुलगा किती मोठा आहे? स्पेस अँड रॉकेट सेंटर चुकवू नका, खराखुरा सॅटर्न पाच रॉकेट आत आडवा ठेवलाय, खालून चालत जाता येतं. एक दिवस पूर्ण जातो. मॅचेस होतात ते वॉन ब्रॉन सेंटर गावाच्या मध्यात आहे. मार्चमध्ये पावसाचे कपडे आणा, वादळाचे भोंगेही वाजतात, घाबरू नका.

स्प्रिंगफील्डकर
मुलगा पंधराचा आहे. रॉकेट म्हटल्यावर पहिल्यांदाच मान वर केली.
बरं, आकडेमोड, तुमचं मला पटलं. म्हणजे मीही चूक आणि तोही चूक. रात्री जेवताना त्याला सांगितलं, दार तेव्हाही एकच होतं, आताही एकच आहे. तर म्हणाला, "बाबा, मी चान्सचं बोलतच नव्हतो. ब्रॅडली नाही, ड्रेक नाही, कार्बनडेलवाले नाहीत. मी शिव्या कुणाला देऊ? सॅम ह्यूस्टनच्या टीमबद्दल मला काय वाटायला पाहिजे?" 1990 पासून 2025 पर्यंत व्हॅलीत होतो आम्ही. तो जन्मल्यापासून तेच बघत आलाय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विचिटाकाका
त्याला म्हणावं, विचिटाला ये. आम्हाला आठ वर्षं झाली, अजून कुणाचा राग येत नाही. चार तासांवर तर आहात, दोन्ही कॉलेजांनी दर वर्षी एक मॅच ठरवावी. कॉन्फरन्सच्या बाहेरच्या मॅचेस ठरवायला कोण अडवतंय?

आकडेमोड
हे मात्र खरंच करण्यासारखं आहे. मोठी कॉलेजं मिड-मेजरच्या गावात येत नाहीत, पैसे देऊन आपल्याकडे बोलावतात. जुन्या शेजाऱ्यांनी एकमेकांकडे जावं, नेटलाही बरं.

लेडीबेअर_फॅन
हंट्सव्हिलला मुलींची टुर्नामेंटही त्याच आठवड्यात, त्याच ठिकाणी असते. सहज सांगितलं.

स्प्रिंगफील्डकर
ताई, तुम्ही जिंकलात. रजा तीन दिवसांची टाकली. हॉटेल असं घेतलंय की आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं. राजश्रीताई, गाडीने सात-आठ तास धरू ना? वाटेत मेम्फिसला जेवावं की थेट यावं?

बापट_नागपूर
मेम्फिसमध्ये शाकाहारी काय मिळतं?

टेक्ससी_तात्या
पूर्ण धागा वाचला नाही, पण बेलर बिग ट्वेल्व्हमध्येच आहे, कुठेही गेलेली नाही. निर्धास्त बुकिंग करा.